सकाळच्या शाळेचा पट

भवानी पेठेतल्या आमच्या इमारतीत दोन शाळा भरत. सकाळी साडेसात ते बारा कानडी शाळा आणि साडेबारापासून साडेपाचपर्यंत आमची मराठी शाळा. खोल्या त्याच, बाकं तीच, पाण्याचे माठ तेच आणि गुंडा नावाचा शिपाईही दोन्हीकडचा एकच. मधल्या अर्ध्या तासात तो व्हरांडा झाडून घ्यायचा. जाणारी मुलं आणि येणारी मुलं फाटकात एकमेकांना धक्के मारायची आणि दोन्ही भाषांतल्या शिव्या सगळ्यांना येत असायच्या.

एकाहत्तरच्या जूनमध्ये मी माढ्याहून येऊन तिथं रुजू झाले तेव्हा महानंदाबाई कलशेट्टी सकाळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुख्याध्यापिका म्हणजे तीन शिक्षकांतल्या एक. वर्ग घ्यायचा, वर सगळी कागदपत्रं करायची. वय पन्नाशीला आलेलं, अंगानं किरकोळ, कपाळाला विभूती, फिकट रंगाचं लुगडं. माझा वर्ग त्यांच्याच खोलीत भरायचा. त्या जाताना फळा ओल्या फडक्यानं पुसून ठेवायच्या, तरी कानडी अक्षरं अंधुक दिसत राहायची. पहिल्या दिवशी मी त्या गोल गोल अक्षरांकडं बघत उभी राहिले तर त्या म्हणाल्या, "भिऊ नको. तुमच्या अक्षरांइतकीच आहेत तीपण."

पुढं आमची ओळख वाढली. मी अर्धा तास आधी यायची आणि त्या अर्धा तास उशिरा जायच्या. त्यांचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं, सोळाव्या वर्षी नवरा गेला. वडिलांनी परत आणून शिकवलं, धारवाडला ट्रेनिंगला पाठवलं. नोकरी लागली आणि दोन वर्षांत आई-वडील दोघंही गेले. धाकटा भाऊ शिवयोगी तेव्हा शाळकरी होता. त्याला त्यांनी वाढवलं, त्याचं लग्न करून दिलं. भाषावार प्रांत झाले तेव्हा ट्रेनिंगच्या मैत्रिणींनी धारवाडहून पत्रं पाठवली होती, इकडं ये, इथं कानडीच सगळं आहे. भावाचं बारदानाचं दुकान तेव्हा नुकतं उभं राहत होतं, म्हणून त्या गेल्या नाहीत. "आणि इथं काय, इथंही कानडीच होतं की," त्या म्हणायच्या. "घरात, गल्लीत, बाजारात. मराठी फक्त कचेरीत लागायची."

मी रुजू झाले त्या वर्षी सकाळच्या शाळेचा पट अठ्ठावन्न होता. आधी तो दीडशेच्या घरात होता असं गुंडा सांगायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. अक्कलकोट, दुधनीकडची माणसं कामाच्या शोधात शहराकडं आली. पेठेतल्या मोकळ्या जागांवर, कुणाच्या ओसरीला, गोदामांच्या आडोशाला राहिली. ती सगळी कानडी बोलणारी. महानंदाबाई शाळा सुटल्यावर त्या वस्त्यांतून फिरल्या आणि पोरं घेऊन आल्या. शाळेत सुकडी मिळायची हेही खरं. पण सुकडी खाऊन पळून गेली असं एकही पोर मला आठवत नाही. जानेवारीत पट एकशे तेरा झाला. वर्गात जागा पुरेना म्हणून पहिली-दुसरी व्हरांड्यात बसायला लागली. एवढ्या वर्षांत तेवढं एकच वर्ष मी महानंदाबाईंना भराभर चालताना पाहिलं.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. आषाढ सरेपर्यंत माणसं आपापल्या गावी निघाली. जाताना काहीजण पोराला शाळेत घेऊन येत, नमस्कार करायला लावत. दाखला मागायचं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. दिवाळीला पट एकोणपन्नासवर आला.

जानेवारीत शिक्षण मंडळाकडून पत्र आलं. गेल्या वर्षीच्या तुलनेत पट निम्म्याहून कमी झाला असून याबाबत खुलासा करावा. महानंदाबाईंनी मला खुलाशाची मराठी तपासायला दिली. त्यांनी तीन पानं लिहिली होती. कुठल्या गावचं कुटुंब, किती मुलं, कधी आलं, कधी परतलं, सगळं. मी वेलांट्या दुरुस्त केल्या. सुपरवायझर तपासणीला आले तेव्हा ती पानं त्यांच्या हातात होती, पण वाचल्यासारखी दिसत नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "दुष्काळ कागदावर कुठं दिसतो? कागदावर एकशे तेरा आलेत."

"साहेब, त्याच्या आधी अठ्ठावन्न होते."

"ते मागच्याच्या मागचं झालं. मी मागचं बघणार. पट वाढवा. नाहीतर एक शिक्षक काढून घ्यावा लागेल."

शिक्षक त्यांनी काढून घेतलाच. तीनाचे दोन झाले. महानंदाबाईंकडं पहिली, दुसरी आणि चौथी एकदम आली, बाकीच्या इयत्ता दुसऱ्या शिक्षकाकडं.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये शाळेत न जाणाऱ्या मुलांची पाहणी निघाली. पेठ एकच असल्यामुळं आम्ही दोघी बरोबर फिरायचो. एका हातात वही, एका हातात छत्री. घरोघर तेच चालायचं. "बर्री अक्कोर, कूडरी," म्हणून बाईमाणसं त्यांना आत बोलवून बसवायची. कानडीत बाईंना अक्कोर म्हणतात. पाणी द्यायची, गूळ द्यायची आणि मुलाचं नाव मात्र मला सांगायची, मराठी शाळेत घालायला. महानंदाबाई शेजारी बसून ऐकायच्या. कधी समजावून बघायच्या, की लहान मूल आहे, घरची भाषा आहे, लवकर समजेल. बायका माना हलवायच्या.

चंद्रव्वा म्हणून एक होती. नवरा मागावर कामाला, पदरी दोन मुलगे. थोरला आमच्याकडं दुसरीत जायचा आणि सारखा नापास होत होता, धाकट्याचं नाव अजून कुठंच नव्हतं. महानंदाबाई तिच्याशी बराच वेळ कानडीत बोलल्या. चंद्रव्वा ज्वारी निवडत होती. हात न थांबवता ऐकत होती. मग मलाही कळावं म्हणून असेल, ती मराठीत म्हणाली, "अक्कोर, राग मानू नका. तुमच्या शिवयोगी अण्णाची धाकटी कुटल्या शाळेत जाते?"

उत्तर मला माहीत होतं. शिवयोगींची धाकटी जगदेवी नुकतीच माझ्याच वर्गात पहिली पास झाली होती, चुणचुणीत पोर. तिचे थोरले भाऊही आमच्याच शाळेतून गेलेले.

"मराठी," महानंदाबाई म्हणाल्या.

"मग?" चंद्रव्वा म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.

त्या दिवशी पुढच्या तीन गल्ल्या राहिल्या होत्या. महानंदाबाई म्हणाल्या, उद्या करू. परत येताना त्या एवढंच बोलल्या, "भावानं पोरं मराठीत घातली तेव्हा मी काही म्हटलं नव्हतं. त्याची पोरं, त्याची मर्जी, असं वाटलं. आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं होतं की ती पुढं जातील."

घरी काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. जेवणं झाल्यावर त्यांनी भावाला म्हटलं, जगदेवीला माझ्या शाळेत घाल. शिवयोगी आधी हसले. मग त्यांना कळलं की बहीण खरंच बोलते आहे.

"अक्का, तू आजवर माझ्याकडं कधी काही मागितलं नाहीस," ते म्हणाले. "आणि मागून हेच मागतेस?"

"हेच."

शिवयोगींची बायको काशम्मा चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं. "पोरगी वाचायला लागली होती," ती म्हणाली. शिवयोगींनी रात्रभर विचार केला असेल नसेल, सकाळी ते हो म्हणाले. ज्या बहिणीनं आपल्यासाठी धारवाडला जायचं सोडलं तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

दाखला मीच लिहिला. आमचे मुख्याध्यापक आबासाहेब गुरुजी म्हणाले, "एक पोरगी गेली तर आपलं काय जातंय? द्या." मी नाव घातलं, जन्मतारीख घातली, प्रगती चांगली असं लिहिलं. मला वाटत होतं की महानंदाबाईंना सांगावं, असं करू नका. त्या वयानं मोठ्या होत्या, त्यांची भाची होती. मी शाई टिपली आणि दाखला त्यांच्या हातात दिला.

जगदेवी सकाळच्या शाळेत दुसरीत बसायला लागली. घरी कानडीच बोलत असली तरी अक्षर ओळखता येत नव्हतं. आठ दिवस ती रडली. महानंदाबाई संध्याकाळी तिला दारात घेऊन बसायच्या, धुळीत बोटानं अक्षरं काढायच्या. गणपतीपर्यंत ती बऱ्यापैकी वाचू लागली. आणि जे व्हायला हवं होतं ते झालं. पेठेत बातमी पसरली की अक्कोरनी भावाची मुलगी आपल्या शाळेत आणली. पंधरा दिवसांत चंद्रव्वा दोन्ही मुलांना घेऊन आली. थोरल्याचा दाखलाही मीच लिहिला. मग आणखी दोन-तीन घरं आली. वर्षाअखेर पट बावन्न झाला. सुपरवायझरनी शेरेबुकात लिहिलं, प्रगती समाधानकारक.

महानंदाबाईंनी तो शेरा मला दाखवला. त्यांना आनंद झाला होता, पण त्या बसून बोलत होत्या आणि बोलता बोलता डोळे मिटत होते. तीन इयत्ता एका खोलीत शिकवून माणूस किती थकतं ते मला नंतर, माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं.

याच काळात त्यांनी एक गोष्ट सुरू केली. मुलं मराठीसाठी जातात ना, मग मराठी इथंच शिकवू. शेवटचा अर्धा तास मी लवकर येऊन दुसरीपासूनच्या मुलांना मराठी शिकवायचं ठरलं. कुणाची परवानगी घेतली नव्हती. मुलं भराभर शिकली. शहाहत्तरला चौथीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्यांनी पाच मुलं बसवली. त्यातली निंगव्वा, बाजारात तोलाई करणाऱ्या रुद्रप्पाची मुलगी, शिष्यवृत्तीत आली. त्या शाळेत असं पहिल्यांदाच झालं होतं. महानंदाबाईंनी दोन्ही शाळांना पेढे वाटले. गुंडानं तिचं नाव फळ्यावर कानडीत लिहून घेतलं आणि खाली मराठीत मला लिहायला लावलं.

जून उघडला आणि रुद्रप्पा दाखला मागायला आला. मी तिथंच होते. टोपी हातात घेऊन तो दारात उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना.

"अक्कोर, तुमचे लई उपकार हायेत," तो म्हणाला. "तुमी शिकवलं म्हणून पोरगी हितवर आली. आता मराठीत घालतो."

"का रे? इथं सातवीपर्यंत आहे की."

"आन् फुडं? कानडी हायस्कूल पार तिकडं. पोरीला एकटी कशी धाडू? हितलं मराठी हायस्कूल चार पावलांवर हाय. आन् आता तिला मराठी येतंय की. तुमीच शिकवलंय."

महानंदाबाई माझ्याकडं बघून हसल्या. रागानं नव्हे. मग त्यांनी दाखला लिहिला. अक्षर त्यांचं सुंदर होतं. रुद्रप्पानं वाकून नमस्कार केला तेव्हा त्या म्हणाल्या, "पाया कशाला पडतोस? तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं."

निंगव्वाच्या मागोमाग चांगली म्हणावीत अशी सगळी मुलं गेली. आई-बापांना आता धीर आला होता की पोरांना तिकडं जमतं. साडेबाराला फाटकातून तीच मुलं माझ्या शाळेत यायची, माझ्याकडं बघून ओळखीचं हसायची. आबासाहेब गुरुजी खूश होते. मी त्यांना सांगितलं नाही की यांना मराठी कुणी शिकवलं.

पट पस्तीसवर आला होता, तरी त्या पाहणीला निघाल्या. पण त्या वर्षीची पाहणी वेगळीच झाली. आणीबाणी होती. आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायला सांगितलं होतं, प्रत्येकाला आकडा ठरवून दिला होता. पेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही वह्या घेऊन गल्लीत शिरलो की पुरुष मागच्या दारानं निघून जायचे. बायका दाराला कडी लावून आतून म्हणायच्या, घरात कुणी न्हाय. एका दारापुढं महानंदाबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. "अगं, मी शाळेची," त्या म्हणत होत्या, "मी मुलांची नावं विचारायला आले." आतून लहान मुलाचा आवाज येत होता आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबत होतं. पंचवीस वर्षं ज्या घरांनी त्यांना बसायला पाट दिला होता त्या घरांनी दार उघडलं नाही. त्या गल्लीच्या तोंडाशी दगडावर बसल्या. पाणी आणू का, मी विचारलं. त्या नको म्हणाल्या.

त्या वर्षी पहिलीत तीन मुलं आली.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये पट सव्वीस असताना आदेश आला. सकाळची शाळा बंद, मुलं आमच्या शाळेत वर्ग करायची. महानंदाबाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कानडी शाळेत साहाय्यक शिक्षिका म्हणून जायचं. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. आदेश त्यांनी दोनदा वाचला, घडी केली, आणि विचारलं, "मुलं वर्ग करायची म्हणजे कुठल्या वर्गात?"

याचं उत्तर आबासाहेब गुरुजींनी दिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुलांना एकेक करून बोलावलं, आमचं पुस्तक वाचायला दिलं, चार ओळी लिहायला लावल्या. उरलेली मुलं म्हणजे ज्यांना मराठी नीट आलं नव्हतं तीच. जी हुशार होती ती आधीच गेली होती. जगदेवी चौथी पास झाली होती. तिला मराठी वाचता यायचं, पण लिहिताना अक्षरं एकमेकांत मिसळायची. गुरुजी म्हणाले, "पाचवीत नाही झेपायचं. तिसरीत बसवू."

म्हणजे दोन वर्षं गेली. आमच्याकडंच राहिली असती तर ती आता पाचवीत गेली असती, आणि वर्गात पहिली असती. हे महानंदाबाईंना कळत होतं, मला कळत होतं, आणि दारात उभ्या असलेल्या जगदेवीलाही कळत होतं. दहा वर्षांची होती ती. तिनं कानडीत विचारलं, तेवढं मलाही समजलं, "अत्ती, मी परत तिसरीत बसू?" अत्ती म्हणजे आत्या. आत्यानं तिचा हात धरला आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीवर आल्या. असं त्या कधी येत नसत. बसल्या आणि म्हणाल्या, "वच्छला, गुरुजींना सांग, जूनमध्ये पुन्हा परीक्षा घ्या. मे महिना मला द्या. तू शिकवशील?"

मी सुट्टीला माढ्याला जाणार होते. घरी पत्र टाकलं, येत नाही म्हणून. शिवयोगींनी दुकानामागची बारदान ठेवायची जागा रिकामी करून दिली. सकाळी सात ते दहा तिथं शाळा भरायची. ज्यूटचा वास आणि धूळ, पोरं शिंकायची. सव्वीस मुलांपैकी अकरा आली. मी शिकवायची आणि महानंदाबाई मागं बसून जिथं अडेल तिथं कानडीत समजवायच्या. कधी कधी मुलांबरोबर त्याही शुद्धलेखन लिहायच्या. त्यांच्याही वेलांट्या चुकायच्या. मुलं हसली तर म्हणायच्या, बघा, मलापण तिसरीत बसवतील.

तिसऱ्या दिवशी चंद्रव्वा आली. दोन्ही मुलं हाताशी. दारात उभी राहिली. आम्ही दोघी उठलो.

"अक्कोर," ती म्हणाली, "तुमच्या शब्दावर आणली होती पोरं."

"होय," महानंदाबाई म्हणाल्या.

"म्यां ईचारलं होतं तुमाला. मग तुमीच भाची आणली. म्हनून आणली म्यां."

"होय गं."

त्यांनी सबब सांगितली नाही. मंडळाचं नाव घेतलं नाही, दुष्काळाचं नाही, पटाचंही नाही. चंद्रव्वा तशीच उभी राहिली. तिला भांडायचं होतं आणि समोरून कुणी भांडत नव्हतं. शेवटी तिनं मुलांना पुढं ढकललं. "बसा," म्हणाली, आणि स्वतःही उंबऱ्यापाशी टेकली, तास सुटेपर्यंत.

काशम्मा रोज मधल्या वेळेला माठातलं पाणी आणून ठेवायची. नणंदेशी ती लागेल तेवढंच बोलत होती. वाढते, घ्या, दिवा लावला, असं. तीन वर्षं एका घरात असं चाललं होतं म्हणे. मी ते त्या महिन्यात डोळ्यांनी बघितलं.

जूनमध्ये आबासाहेब गुरुजींनी पुन्हा परीक्षा घेतली. त्यांनी मन मोठं केलं, हे सांगायला पाहिजे. अकरांपैकी पाच मुलं आपापल्या इयत्तेत बसली. सहा एक वर्ष मागं गेली. चंद्रव्वाचा थोरला बसला, धाकटा मागं गेला. जगदेवीला चौथीत घातलं. दोन वर्षांच्या जागी एक वर्ष गेलं, म्हणून मी महानंदाबाईंना म्हटलं, बरं झालं. त्या म्हणाल्या, "एक वर्ष माझ्यामुळं गेलं. ते गेलंच."

उरलेली पंधरा मुलं कागदावर आमच्या शाळेत वर्ग झाली. त्यातली सहा आली. नऊ जूनमध्ये आलीच नाहीत. त्यात सात मुली होत्या. महानंदाबाई त्या पावसाळ्यात नव्या शाळेतून सुटल्यावर परत पेठेत येऊन त्या नऊ घरी जायच्या. आता त्यांचं ते काम नव्हतं. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली होती, एक आईबरोबर डाळीच्या गिरणीत जायची, एकीचं लग्न ठरलं होतं. दोन मुली त्यांनी आणून माझ्यापुढं उभ्या केल्या. त्यातली एक टिकली.

त्यानंतर आमच्या भेटी कमी झाल्या. त्यांना सकाळी बस धरायची असायची. नव्या शाळेत त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान मुख्याध्यापक होते, ते यांना पहिलीचा वर्ग देत. गुडघे दुखायला लागले होते. बाजारात भेटल्या की मी मुलांबद्दल सांगायची आणि त्या ऐकून घ्यायच्या.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात त्या निवृत्त झाल्या. निरोप-समारंभ व्हायचा होता, पण सहामाहीचे पेपर तपासायचे होते म्हणून पुढं ढकलला आणि मग राहूनच गेला. मी संध्याकाळी घरी गेले, एक साडी घेऊन. काशम्मा आणि त्या दोघी समोरासमोर बसून शेंगा फोडत होत्या. बोलत होत्या. काय बोलत होत्या ते आठवत नाही, बाजारभावासारखं काहीतरी असेल, पण बोलत होत्या.

जगदेवी आता सहावीत होती. एका बाजूला बसून गणित सोडवत होती. मला बघून वही घेऊन आली आणि एक उदाहरण विचारलं. मी समजावून सांगितलं. वर्गात ती मधल्या मुलींतली होती, फार पुढं नाही, फार मागं नाही. आत्याला तिनं गणित विचारलं नाही हे मला दिसलं. महानंदाबाईंनाही दिसलं असणार.

"काल ती मला म्हणाली," पोरगी आत गेल्यावर महानंदाबाई हळूच म्हणाल्या, "अत्ती, आमच्या वर्गात कानडी वाचता येणारी मी एकटीच. मला कळलं नाही ती तक्रार करते की कौतुक सांगते. मी विचारलंपण नाही."

काशम्मा शेंगा फोडत राहिली. "कौतुकच सांगत होती," ती म्हणाली. "तक्रार करायची असती तर माझ्याकडं केली असती."

महानंदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग मला विचारलं, "पहिलीत किती आलीत या वर्षी?"

"त्रेचाळीस."

"त्यात कानडी बोलणारी?"

"चौदा-पंधरा असतील."

"पहिला महिना काय करतेस त्यांचं?"

खरं तर मी काहीच करत नव्हते. ती मुलं महिनाभर गप्प बसायची आणि मग हळूहळू बोलायला लागायची. काही येणं बंद करायची. मी तसं सांगितलं.

त्यांनी टरफलं गोळा केली, हात झटकले आणि मला कानडीत तीन वाक्यं शिकवली. पाणी पाहिजे. लघवीला जायचंय. घरी कधी जायचं. माझ्याकडून ती चार-पाचदा म्हणवून घेतली. माझा उच्चार ऐकून काशम्मा हसली आणि उठून चहा टाकायला गेली.